तिनं सांगितलं होतं

त्या दिवशी बगिच्याचा सौदा होता. व्यापारी नागपूरहून आला. आई माजघरातून अंगणात आली आणि बोलली. व्यापाऱ्यानं त्याची जीप दिली. बाबा आईला घेऊन निघाले. सावनेरच्या अलीकडे आई गेली. घरी सौदा झाला. जीप परत आली.

एवढंच घडलं. हे मी इतकं कोरडं लिहिते याला कारण आहे. या चार ओळींवर आमच्या घरानं पुढं इतके शब्द चढवले, की खालची बाई दिसेनाशी झाली. परवा आईच्या पुण्यतिथीला माझ्या चुलतभावाचा मुलगा निखिल यानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकला. भोवती कमळं, दोन बाजूंना समया आणि खाली सोनेरी अक्षरं : ‘सोशिकतेची मूर्ती कै. सौ. शांताबाई यांना विनम्र अभिवादन.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. निखिलनं आईला पाहिलेलं नाही. त्याचा बाप तेव्हा पाळण्यात होता. मी त्या हातांच्या खाली लिहिलं, ‘ती सोशिक नव्हती.’ थोड्या वेळानं निखिलचा फोन आला. “आत्या, अगं चांगलंच लिहिलं ना मी? ग्रुपवर असं नको ना टाकू. सगळे मला फोन करून राहिले, काय झालं म्हणून.” मी म्हटलं, “विचारू दे. तेवढंच तर इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही.” तो हसला. म्हणाला, “मग तू लिहून काढ ना एकदा सगळं. तू तर लायब्ररीवाली.” फोन ठेवायचा म्हणून म्हणाला असेल. मी मनावर घेतलं.

आमचं घर सौंसरला, हिंदी मुलखाच्या कडेला, मोहगावच्या रस्त्याला. पुढं ओसरी, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर, आणि मागचं दार उघडलं की सरळ संत्र्याचा बगिचा. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेती आणि बगिचा पाहायचे. बाबा गावातल्या शाळेत मास्तर. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, हिच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या. सकाळी मोटारपंपाची ठकठक सुरू झाली की घर जागं व्हायचं. मग कापूस वेचायला निघालेल्या बायांचं हसणं रस्त्यानं जायचं, त्यामागून छिंदवाड्याकडून येणाऱ्या बसचा हॉर्न. हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग ओसरीवर पडायचा आणि येणारा-जाणारा बसल्या बसल्या सोले काढून द्यायचा. त्या सोल्यांची लसूण घातलेली भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी, हे आमचं जेवण. संत्रं आम्ही फळासारखं खात नसू. आई ते सोलून त्यावर तिखट-मीठ टाकायची आणि म्हणायची, “गोड तं सारं जगच खाते.”

घरात तीन भाषा होत्या आणि त्या वेगवेगळ्या जागी राहायच्या. चुलीपाशी वऱ्हाडी. ओसरीच्या कोपऱ्यात बाबांची पुस्तकांची फळी होती, तिथं पुस्तकी मराठी. आणि तहसिलीतला कोणी बाबू आला की पुढच्या दोन खुर्च्यांवर हिंदी. मी त्या फळीखाली वाढले. कमी बोलायची, जास्त ऐकायची. एकच गोष्ट चुलीपासून खुर्चीपर्यंत जाताना कशी बदलते हे मला लहानपणीच कळत होतं, आणि मला त्यात गंमत वाटायची. पुढं ती वाटेनाशी झाली.

आई पांढुर्ण्याची. तिचा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे भांडखोर असं नाही, तसाही होता, पण मुळात मोठा. संत्री रंगावर आली की पोपटांचे थवे उतरायचे. मोठे बाबा गोफण शोधत असायचे तोवर आई मागच्या दारातून एक आरोळी ठोकायची आणि अख्खा थवा उठायचा. गडी हसायचे. “वहिनीबाईनं आवाज देल्ला, आता गोफन ठेवा जी.” कुंपणापलीकडच्या जिजाकाकूंशी तिचं रोज भांडण असे. कोंबड्यांवरून, सांडपाण्यावरून, उसन्या नेलेल्या चाळणीवरून. भांडण संपलं की त्याच कुंपणावरून वाटीभर भाजी जायची. जिजाकाकू किराणा दुकानदाराची बायको, तोंडानं आईच्या तोडीची. दोघी एकमेकींशिवाय राहू शकत नव्हत्या.

आईच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात पुन्हापुन्हा सांगितली जाई. वरात पांढुर्ण्याहून सौंसरला सरकीच्या ट्रकमधून आली. सरकीची पोती, पोत्यांवर वऱ्हाडी, आणि ऐन उन्हाळा. वाटेत ट्रकचं चाक बसलं. ड्रायव्हर दुसरं चाक आणायला गेला आणि सगळं वऱ्हाड आंब्याच्या सावलीत आडवं झालं. नवरदेवासकट. आई एकटी पोत्यांवर बसून राहिली, कारण तिची पेटी आणि लाडवांचा टोपला ट्रकमध्ये होता. तेवढ्यात वानरं आली. एक हुप्प्या टोपल्याला हात घालणार तोच नव्या नवरीनं अशी आरोळी ठोकली, की वानरं आंब्यावर आणि वऱ्हाड उभं. आजोबा, माझ्या वडिलांचे वडील, दचकून उठले आणि म्हणाले, “नवरी बोलते वो!” घरी आल्यावर ताटातल्या तांदळात नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनीच सुचवलं, शांता लिहा. “नावानं तरी असू द्या.” माहेरी ती गोदा होती.

ही गोष्ट आई गल्लीतल्या बायांना सांगायची तेव्हा त्यात बाबांचं बाशिंग नाकावर घसरलेलं असायचं आणि ते घोरायचे. मामाला सांगायची तेव्हा बाशिंग नसायचं. तेव्हा ऊन असायचं, कोरडा घसा असायचा आणि ‘घोटभर पानी घेते का’ असं एकानंही न विचारणारं सासर असायचं. मामा मान खाली घालून ऐकायचा. मला सांगायची तेव्हा मात्र हुप्प्या बैलाएवढा व्हायचा, ट्रक किल्ला व्हायचा आणि आई त्याची राखणदार. मी एकदा तिला पकडलं. म्हटलं, “आई, काल तू जिजाकाकूला वेगळंच सांगितलं.” ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “गोष्ट मानूस पाहून वाढा लागते वं. जिजीले हासू पायजे, तुया मामाले थोडी लाज पायजे, तुले मज्या पायजे. पन झोपलं कोन होतं अन् जागी कोन होती, हे मी कधी बदललं का? सांग बरं.” बदललं नव्हतं. पुढं आयुष्यभर मी पुस्तकांच्या कपाटांमधून फिरले. गोष्ट कशी सांगावी यावर भारी भारी माणसांनी लिहिलेलं वाचलं. यापेक्षा कामाचं मला काही सापडलं नाही.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्याशी धाकट्या भावाची बायको बोलत नसे. त्याच्या समोर जात नसे, गेलीच तर पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. काही सांगायचं असेल तर मधे कोणीतरी लागे, लेकरू असलं तर उत्तम. आई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची, पण मोठे बाबा ओसरीवर असले की ती माजघराच्या दाराआड उभी राहून मला सांगायची, “मंदे, मोठ्या बाबाले सांग, बैल सुटला.” बैल त्यांना ऐकू आलेला असे. आईही ऐकू आलेली असे. तरी मी जाऊन सांगायची, मगच ते उठायचे. मी सांगितल्याशिवाय ते बोलणं बोललेलं धरत नसत.

संत्र्यांनी रंग धरला आणि व्यापारी येणार असा निरोप आला, त्याच सुमारास आईचं पोट दुखायला लागलं. उभ्या झाडावर बगिचा विकला जायचा. व्यापारी एकदा येऊन झाडं पाहून जायचा, आणि तो दिवस लग्नासारखा असे. स्वयंपाकघरात खसखस-खोबरं भाजणं, पाटवड्यांच्या रश्श्याचं वाटण, ओसरी सारवणं. आई कमरेत वाकून वाटण वाटत होती. मोठ्या आईनं ओवा दिला, गरम पाणी दिलं. गावातल्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, नागपूरला दाखवा, थांबू नका. आईनं मला हाक मारली. “जाय, मोठ्या बाबाले सांग. आई म्हनते पोटात आग पडली, डॉक्टर म्हनते नागपूरले न्या.” मी जसंच्या तसं सांगितलं. मोठे बाबा व्यापाऱ्यासाठी खाट कुठं टाकायची ते गड्याला दाखवत होते. म्हणाले, “सांग आईले, व्यापारी येऊन जाऊ दे. मंग नेतो.” मी आत गेले. आई म्हणाली, “सांग, आजच न्या.” मी बाहेर आले. मोठे बाबा म्हणाले, “एका दिवसानं काय होते? घरात बाई पायजे उद्या.” जेवायला बसले तेव्हा आई दाराआडून पुन्हा बोलली, मी पुन्हा सांगितलं. मोठ्या बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. बाबांनी ताटाकडं बघत पुस्तकी मराठीत म्हटलं, “दादा म्हणतात तर एक दिवस पाहू.” मोठी आई वाढता वाढता पुटपुटली, “पोटाचं एवढं घिऊन बसते का कोनी?”

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. झाडं पाहून झाली, अंगणात खाटेवर सगळे बसले, मी चहाचं ताट घेऊन उभी होते. आई माजघराच्या दारात आली. मग उंबरा ओलांडून अंगणात आली. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. एका हातानं तिनं खाटेचा खुर धरला आणि मोठ्या बाबांच्या समोर उभी राहिली. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं. कधी मारलीच नव्हती. ती म्हणाली, “ऐका. मी मंदीच्या तोंडानं सांगून सांगून थकली. आता माया तोंडानं सांगतो. मले नागपूरले न्या. मी मरून राहिली.” हे तिनं पोपट उठवायच्या आवाजात सांगितलं. कुंपणापलीकडं जिजाकाकूंच्या हातातलं सूप थांबलं. मोठे बाबा जमिनीकडं बघत राहिले. तिच्याकडं कसं बघायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. व्यापारीच उठला. “भाऊ, सौदा राहू द्या. बाईले पहिले न्या. माझी गाडी उभी आहे.” मग धावपळ झाली. जीपमध्ये गादी टाकली. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि चहा सांडतो आहे अशी खूण केली. खरंच सांडत होता.

आणि मग माणसं यायला लागली.

कोणी गेलं की तेरवीपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, हे काही आमच्याकडचंच नाही. आलेला माणूस आधी गप्प बसतो. मग विचारतो, “कसं झालं?” आणि घरातला कोणीतरी सांगतो. दर वेळी पहिल्यापासून. पुरुष ओसरीवर, बाया माजघरात. चूल बंद, शेजारून येणारं पिठलं आणि भाकरी, कोपऱ्यात दिवा. मी दोन्हींच्या मधल्या दारात बसून असायची. माझ्या दोन कानांत दोन गोष्टी शिरायच्या.

ओसरीवर मोठे बाबा सांगायचे. सुरुवातीला अडखळत, मग सरावानं. “अचानक झालं हो. पोट दुखलं म्हने. आमाले तं काई सांगतलंच नाई तिनं. सोसत राह्यली. कळलं तवा उशीर झालता.” आलेली माणसं माना हलवायची. “सोशिक बाई.” माजघरात मोठी आई आल्या-गेलेल्या बायांच्या गळ्यात पडून सूर लावायची, “सोसून सोसून गेली वं माही माय, कोनाले बोलली नाई वं.” बाया त्यात आपलं घालायच्या. अहेव गेली, हिरवा चुडा घालून गेली, नशीबवान. तहसिलीतले बाबू आले तेव्हा खुर्च्यांवर बसून बाबांनी हिंदीत सांगितलं, “तबीयत अचानक बिगड़ गई. कुछ बताया ही नहीं उन्होंने.” हिंदीत तर ती फारच सभ्य वाटली. जणू चहा ठेवता ठेवता हळूच निघून गेली.

कोणी खोटं बोलत नव्हतं, हे मला आज लिहायचं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आहे. पोट दुखलं होतं. उशीर झाला होता. आणि आईनं मोठ्या बाबांना काही सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं होतं. रीतीप्रमाणं लेकराच्या तोंडून आलेल्या निरोपावर बैल बांधायला उठता येत होतं. बाई वाचवायला तो निरोप पुरला नाही, आणि ती गेल्यावर तर तो निरोप आलाच नव्हता असं झालं. राहिलं तिचं अंगणातलं बोलणं. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण परक्या माणसासमोर, डोक्यावर पदर नसताना, भासऱ्याच्या तोंडावर ओरडलेली सून, हे त्यांना सांगता येत नव्हतं. मोठ्या बाबांना मनापासून वाटत होतं की ते तिची लाज राखताहेत. वाईट माणूस नव्हते ते. त्यांनी तिच्या तोंडावर एक सुंदर शब्द ठेवला, आणि तो शब्द तिच्या तोंडावर ठेवला की त्यांच्या कानांचाही प्रश्न उरत नव्हता.

तेरवीला माणसं जमतात, पंगतीच्या आधी कोणी तरी गेलेल्याविषयी दोन शब्द बोलतं. आमच्या घरात मास्तर होते, म्हणून ते दोन शब्द लिहून काढायचं ठरलं. बाबांनी एक पानभर लिहिलं आणि माझ्याकडं दिलं. मी शाळेत स्पष्ट वाचायची, म्हणून वाचणार मी. बाबांचं अक्षर वळणदार. मजकूर असा होता की आजही मला त्यातली वाक्यं पाठ आहेत. ‘वेदनेला तिने ओठांपर्यंत कधी येऊ दिले नाही. सोशिकतेची ती मूर्ती होती. मंद तेवणाऱ्या समईप्रमाणे ती निःशब्दपणे विझली.’ मला ते पान आवडलं. खोटं कशाला लिहू? मला तसलीच वाक्यं आवडायची. मी मागच्या दाराशी बसून ते पुन्हापुन्हा मोठ्यानं वाचत होते, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. जिजाकाकू तेरवीच्या स्वयंपाकाला मदत करायला आल्या होत्या, लसूण सोलत होत्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “हे कोनाचं वाचून राह्यली वं?”

“आईचं.”

“कोनच्या आईचं?”

“माझ्या.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “गोदीचं? मूर्ती? मायासंग भांडाले काय मूर्ती येत होती का कुंपनावर?” आणि त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. मी पान पुन्हा वाचायला घेतलं. वाक्यं तीच होती, तितकीच गोड होती, पण त्यांत कोण आहे ते मला दिसेना.

तेरवीच्या दिवशी अंगणात मांडव होता. आईनं जिथं खाटेचा खुर धरला होता तिथं शाळेच्या हेडमास्तरांची खुर्ची होती. मी उभी राहिले. जन्म, माहेर, विवाह हे नीट वाचलं. मग ‘वेदनेला तिने’ आलं आणि मी थांबले. लोकांना वाटलं, रडू आलं. कोणी तरी म्हणालं, “पाणी द्या पोरीला.” मला रडू आलं नव्हतं. मी पान घडी करून मुठीत धरलं आणि म्हणाले, “हे असं झालं नाही.”

“मंदे, बस खाली,” मोठे बाबा म्हणाले.

“नाही बसत.”

मी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी कुठून आवाज आला ते मला माहीत आहे. मी पुस्तकी मराठी सोडली. “आईनं सांगतलं होतं. मायाजवळ सांगतलं, मी मोठ्या बाबाले सांगतलं. आजच न्या म्हने. मोठे बाबा म्हनले, व्यापारी येऊन जाऊ दे. जेवताना सांगतलं. बाबा म्हनले, एक दिवस पाहू. मंग ती इथं आली, या जागेवर. डोक्यावर पदर नव्हता. ती म्हनली, मी मंदीच्या तोंडानं सांगून थकली, आता माया तोंडानं सांगतो. मले न्या, मी मरून राहिली. साऱ्यायनं ऐकलं. ती सोशिक नव्हती. ती बोलली. तुमी ऐकलं नाई.”

माजघरातला बायांचा आवाज बंद झाला होता. बाबा मान खाली घालून सतरंजीच्या दशा सोडवत होते. खुर्चीतून उठावं की बसून राहावं हे हेडमास्तरांना ठरवता येईना. मोठे बाबा हळूच म्हणाले, “पोर भांबावली हो. आईचं दुःख.” त्यांचा आवाज इतका मायेचा होता, की सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग मांडवाच्या टोकाकडून कोणी तरी ओरडलं, “चला, पंगत बसवा. बुंदी येऊ द्या.” आणि पत्रावळी वाजायला लागल्या.

म्हणजे माझंही तेच झालं. गावात काही दिवस ‘मास्तरच्या पोरीनं तेरवीत तमाशा केला’ असं चाललं. घरात ‘मंदा त्या दिवशी फार रडली होती’ असं ठरलं. आजही जुनं कोणी भेटलं तर तेच सांगतं, आणि मी दर वेळी सांगते, रडले नव्हते, बोलले होते. जिजाकाकूंनी मात्र कुंपणावरून वाटीभर सोल्यांची भाजी दिली आणि म्हणाल्या, “आवाज उतरला बापा तुयात.” ती भाजी मी एकटीनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओसरीवर दात घासत होते. मी फळीखाली बसले होते. ते चूळ भरून आले आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, “शेवटचा परिच्छेद तू वाचलाच नाहीस.”

“नाही.”

“चांगला जमला होता.”

“हो. चांगला होता.”

त्याच दिवशी मोहगावचे त्यांचे एक जुने मास्तर मित्र उशिरा भेटायला आले. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, “कसं झालं?” मोठे बाबा सवयीनं सुरू करणार तेवढ्यात बाबा बोलले, “तिनं सांगितलं होतं.” मित्र पुढचं ऐकायला थांबले. मोठे बाबा बाबांकडं बघत राहिले. बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मोहगावच्या रस्त्याचं काम कुठवर आलं ते विचारलं. अर्धंच वाक्य. उरलेलं अर्धं त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मी त्यांच्या म्हातारपणी त्यांना पांढुर्ण्याला आणलं, खाऊ घातलं, पुस्तकं वाचून दाखवली. त्या अर्ध्या वाक्याबद्दल मी त्यांची कृतज्ञ आहे. राहिलेल्या अर्ध्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. दोन्ही गोष्टी एका माणसाबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्यानंतर मला मामाकडं पांढुर्ण्याला पाठवलं. घरातले म्हणतात, शिकायला पाठवलं. मामी म्हणायची, काढून दिलं. मामा म्हणायचा, गोदीची पोर घरी आली. मी तिन्ही ऐकत मोठी झाले. मामाच्या घरामागं कापसाचा जिन होता. दिवसभर सरकी वेगळी करण्याचा आवाज यायचा आणि सरकीच्या वासानं मला दर वेळी आईचा ट्रक आठवायचा. शिकले, शाळेच्या ग्रंथालयात लागले, लग्न केलं नाही. यालाही लोकांनी आपापले शब्द लावले आहेत, ते राहू देत.

निखिल वाईट मुलगा नाही. त्यानं चांगलाच शब्द निवडला, घरात मिळालेला. पण मी जिवंत असेपर्यंत दर पुण्यतिथीला त्या फोटोखाली लिहिणार आहे. त्याला राग येवो, हात जोडणाऱ्यांना अवघडल्यासारखं होवो. मला आई नाजूक करून नको आहे. मला ती पोपट उठवणारी हवी आहे, खाटेचा खुर धरून उभी राहिलेली हवी आहे. तिच्याच हिशेबानं सांगायचं तर शब्द कोणाला कसे वाढायचे ते वाढा, पण झोपलं कोण होतं आणि जागी कोण होती, ते बदलू नका.

मोठे बाबा गेले, मोठी आई गेली, बाबा गेले, जिजाकाकू गेल्या. बगिचा तोडून तिथं प्लॉट पडले. ते अंगण आता नाही. त्या दिवशी चहाचं ताट घेऊन उभी असलेली मी तेवढी उरले आहे. तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.